यंत्र कपाटात, माणूस गटारात!

'विषारी वायूने गुदमरून सफाई कामगाराचा मृत्यू' हा मथळा आमच्या वाचकांना आता पाठ झाला आहे. गाव बदलते, मृतांचा आकडा बदलतो, ठेकेदार बदलतो. मथळा मात्र तोच राहतो. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, तिसऱ्या दिवशी कुणीतरी पुढारी वस्तीत येऊन हळहळ व्यक्त करतो आणि चौथ्या दिवशी शहर विसरून जाते. या मथळ्यात मारेकरी कोण आहे? वायू! वायूला अटक करता येत नाही, वायूला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही, वायूचे कंत्राट रद्द करता येत नाही. म्हणूनच हा मथळा ठेकेदाराला, अधिकाऱ्याला आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या व्यवस्थेला फार सोयीचा आहे.

आमची हरकत या मथळ्यालाच आहे. गटारात वायू आहे की नाही हे आधी समजत नव्हते, असे म्हणण्याचा काळ केव्हाच संपला. तळहातावर मावेल एवढे एक यंत्र आहे. ते मॅनहोलच्या तोंडातून नळीने खाली सोडले, की आतमध्ये काय साचले आहे ते मिनिटा-दोन मिनिटांत आकड्यांत दाखवते, धोका असेल तर भोंगा वाजवते, लाल दिवा लावते आणि थरथरते. त्याची किंमत चांगल्या मोबाईल फोनच्या आसपास असते. ज्या महापालिका आणि नगरपालिका उद्घाटनाच्या मंडपावर लाखो रुपये उधळतात, त्यांना हे यंत्र परवडत नाही असे कोण म्हणेल? यंत्र आहे, कायदा आहे, पैसा आहे. तरीही माणूस मरतो. मग त्याला वायूने मारले असे आम्ही का लिहावे?

या यंत्राविषयी आमच्या कार्यकर्त्यांना नीट माहिती असली पाहिजे, कारण अज्ञानाचा फायदा नेहमी ठेकेदारच घेतो. त्याला गॅस डिटेक्टर किंवा चार वायूंचे मीटर म्हणतात. ते चार गोष्टी मोजते: प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. गटारात आणि सेप्टिक टाकीत मैला कुजतो तेव्हा मिथेन तयार होतो. मिथेनला रंग नाही, वास नाही आणि तो हवेपेक्षा हलका असतो. हवेत त्याचे प्रमाण ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत असले, तर एक ठिणगी पुरते. मग ती विडीची असो, काडेपेटीची असो की साध्या बल्बच्या बटणाची. यंत्र याच ५ टक्क्यांच्या खालच्या मर्यादेला शंभर धरून आकडा दाखवते. म्हणजे यंत्रावर ज्वलनशील वायूचा आकडा १० आला तर हवेत मिथेन अर्धा टक्का झाला, असा त्याचा अर्थ. बहुतेक यंत्रे याच टप्प्यावर पहिला इशारा देतात. स्फोट व्हायला अजून अवकाश असतो; पण वायू साचत चालला आहे, माणसाला बाहेर ठेवा, असे यंत्र सांगत असते.

दुसरा वायू हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा जो वास येतो तो याचाच. हा हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. याची खोड अशी की तो आधी नाकालाच मारतो. हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग झाला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. 'वास गेला, आता उतरायला हरकत नाही' असे मुकादम ज्या क्षणी म्हणतो, तोच क्षण सर्वांत धोक्याचा असू शकतो! प्रमाण आणखी काही पटींनी वाढले तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही. यंत्र मात्र दहा लाखात दहा भाग झाले तरी ओरडते.

तिसरी गोष्ट प्राणवायू. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की त्या जागेत बाहेरून हवेचा पुरवठा असल्याशिवाय माणसाने जाऊ नये, असा संकेत आहे. बंद टाकीत कुजण्यामुळे, गंजण्यामुळे प्राणवायू खाल्ला जातो. तिथे विषारी वायू नसला तरी माणूस मरतो. मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार मजूर गुदमरून मेले. ती मैल्याची टाकी नव्हती. तोंडाला रुमाल बांधून किंवा कोरोनाच्या काळातला मास्क लावून यातले काहीही टळत नाही, हे वस्तीवस्तीत सांगितले पाहिजे. रुमाल धूळ अडवतो, वायू अडवत नाही; आणि नसलेला प्राणवायू तर कोणताच मास्क आणून देत नाही.

यंत्र वापरण्याचीही शिस्त आहे. ते मोकळ्या हवेत चालू करायचे. रोज कामाआधी, ठाऊक असलेल्या प्रमाणाचा वायू त्याच्यावर सोडून ते खरोखर इशारा देते का ते पाहायचे. ठराविक मुदतीने त्याची प्रमाणित तपासणी, म्हणजे कॅलिब्रेशन, करून घ्यायचे. त्यातल्या संवेदकांचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असते; ते बदलायचे. तपासताना आधी प्राणवायू पाहायचा, मग ज्वलनशील वायू आणि मग विषारी वायू. याला कारण आहे. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा संवेदक त्या वायूला आपल्या आत किंचित जाळून मोजतो. जाळायला प्राणवायूच नसेल तर टाकीत मिथेन भरलेला असूनही आकडा खोटा, कमी दिसतो. मिथेन वर आणि सल्फाइड खाली असल्यामुळे तोंडाशी, मध्यावर आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी नळी सोडून मोजायचे. आणि एकदा मोजून यंत्र खिशात घालायचे नाही. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू उसळून वर येतो. दहा मिनिटांपूर्वी निर्धोक असलेली टाकी गाळात फावडे घातल्याबरोबर मृत्यूचा सापळा होते. म्हणून काम संपेपर्यंत यंत्र चालू राहिले पाहिजे.

आता कायदा पाहा. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. तो कागदावरच राहिला. मग २०१३ साली हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या नेमणुकीस बंदी आणि त्यांचे पुनर्वसन करणारा कायदा झाला. तो अंमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. त्या दिवशी चैत्यभूमीवर लाखोंच्या रांगा होत्या. त्या रांगेतल्या किती जणांना ठाऊक होते की आज आपल्या हाती एक हत्यार आले आहे?

या कायद्याच्या कलम ७ ने गटारे आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईला बंदी केली. धोकादायक सफाई म्हणजे काय, याचीही व्याख्या कायद्यात आहे. मालकाने संरक्षक साधने न देता, सुरक्षेची खबरदारी न घेता माणसाकडून हाताने करवून घेतलेली सफाई, ती धोकादायक सफाई. कलम ९ नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. याच कायद्याखालच्या २०१३ च्या नियमांत संरक्षक साधनांची लांबलचक यादी दिली आहे आणि त्या यादीत चार वायूंचे मीटर नावानिशी आहे. टाकीतली हवा प्राणवायूची कमतरता, विषारी वायू आणि ज्वलनशील वायू यांसाठी तपासल्याशिवाय माणूस उतरवू नये, कामाच्या जागी किमान तीन माणसे असावीत आणि त्यातला एक पर्यवेक्षक असावा, असे नियम सांगतात. इतकेच नव्हे, माणूस गटारात उतरवणे हाच मुळी अपवाद आहे. यंत्राने करता येणार नाहीत अशी मोजकी कामे नियमात दिली आहेत. त्यांच्या बाहेर जायचे तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारणे नमूद करून लेखी परवानगी द्यावी लागते.

म्हणजे वायुमापक यंत्र ही ठेकेदाराने करायची दया नव्हे. ते कायद्याने दिलेले आहे. ते नसताना माणूस उतरवला तर अपघात झालेला नसतो, गुन्हा झालेला असतो. आणि माणूस जिवंत वर आला तरी तो गुन्हाच असतो.

प्रत्यक्षात काय चालते? २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतल्या ५४ मृत्यूंची सामाजिक तपासणी केंद्र सरकारनेच करवून घेतली. तिचे निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये संसदेपुढे आले. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचे कसलेही साधन नव्हते. उरलेल्या पाच जणांजवळ काय होते? हातमोजे! एकाजवळ हातमोजे आणि गमबूट. हातमोजे घातलेल्या माणसाच्या फुप्फुसात वायू जायचा थांबतो, असा शोध कोणत्या शास्त्रज्ञाने लावला ते या देशाच्या सरकारने एकदा जाहीर करावे.

आम्ही वकिली करतो, त्यामुळे सरकारी कागद कसे बोलतात ते थोडेफार समजते. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेकडे आम्ही माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारले. तुमच्याकडे वायुमापक यंत्रे किती? ती कोणत्या खात्यात आहेत? त्यांचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले? गेल्या वर्षभरात ती कोणत्या तारखांना, कोणत्या मॅनहोलवर वापरली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन आले: दोन. दुसऱ्याचे उत्तर होते: भांडार विभाग. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरे 'अभिलेख उपलब्ध नाही'. आम्ही अपील केले आणि कागदपत्रे पाहायला गेलो, तेव्हा भांडारपालाने कपाट उघडून दाखवले. दोन्ही यंत्रे खोक्यात होती, खोक्यावरचे प्लॅस्टिकही फाडलेले नव्हते. खरेदीचे बिल होते, लेखापरीक्षणाची खूण होती, सगळे कसे नियमानुसार! त्याच वेळी बाहेरच्या चौकात दोन पोरे कमरेला दोर बांधून गटारात उतरत होती. भांडारपाल आम्हाला म्हणाला, 'साहेब, यंत्र महागाचं आहे. या लोकांच्या हातात दिलं तर खराब करतील.' हे वाक्य आम्ही आजही विसरलेलो नाही. यंत्र खराब होऊ नये म्हणून कपाटात ठेवायचे आणि माणूस गटारात! जातिव्यवस्थेची व्याख्या शोधायला ग्रंथालयात जायची गरज नाही. ती त्या भांडारपालाने एका वाक्यात सांगितली होती. आणि तो माणूस काही दुष्ट नव्हता. त्याने आम्हाला चहाही पाजला.

वायूला जात कळत नाही, हे आम्हाला मान्य आहे. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी शेणकाल्याच्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढायला एक जण उतरला. तो कोसळला म्हणून त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, असे करत पाच जण मेले. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर दगावले. अशा घटनांत माणसे एकामागून एक मरतात, कारण आपल्या माणसाला तडफडताना पाहून कुणालाही काठावर उभे राहवत नाही. मैत्री आणि करुणा हे तथागतांनी शिकवलेले गुण. पण प्रज्ञा नसलेली करुणा दुसरा बळी देते. म्हणून पहिला धडा हाच की आत कोसळलेल्याच्या मागे कुणीही तसाच उडी मारायची नाही. बाहेरूनच दोराने, तिवईने ओढायचे, हवा सोडायची, अग्निशमन दलाला बोलवायचे.

वायूला जात कळत नाही, पण गटारात कुणाला उतरवायचे हे ठरवणाऱ्याला ती बरोबर कळते. 'नमस्ते' योजनेखाली देशभरातल्या सुमारे ३८ हजार गटार आणि सेप्टिक टाकी कामगारांची जी नोंद झाली, तिचे आकडे २०२४ मध्ये बाहेर आले. त्यातले जवळजवळ ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले आहेत. एकट्या अनुसूचित जातींचे सुमारे ६९ टक्के. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की आधीच्या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टाक्यांच्या सफाईत ३४७ माणसे मेली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झालेला नाही, असे उत्तर राज्यसभेत दिले गेले होते. ते देणारे राज्यमंत्री आपल्याच चळवळीतून वर गेलेले रामदास आठवले. युक्ती अशी की डोक्यावरून मैला वाहणारा तो 'हाताने मैला साफ करणारा' आणि गटारात मेला तो 'धोकादायक सफाई'तला. दोन रकाने केले, की पहिल्या रकान्यात शून्य लिहिता येते. प्रेत मात्र एकाच स्मशानात जाते.

हे तंत्रज्ञान नवे आहे, भारतात यायला वेळ लागला, अशी सबबही चालणार नाही. कोळशाच्या खाणीतला मिथेन ओळखण्यासाठी हम्फ्री डेव्हीने १८१५ साली इंग्लंडात सुरक्षा दिवा तयार केला. त्याची ज्योत मिथेनमध्ये निळसर टोपी धारण करते आणि प्राणवायू कमी झाला की विझते. दोनशे वर्षांहून अधिक काळ खाणीत उतरण्याआधी वायू तपासला जात आहे. खाणीत स्फोट झाला तर मालकाचा कोळसाही जातो, म्हणून तिथे दिवा पोहोचला. गटारात माणसाशिवाय दुसरे काही जात नाही, म्हणून इथे यंत्र पोहोचले नाही.

खाणीवरून बाबासाहेबांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींचा दौरा केला, स्वतः खाणीत उतरून मजुरांचे काम पाहिले, त्यांच्या घरात जाऊन त्यांची राहणी पाहिली. त्याआधी १९३५ साली त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला होता. झाडू मारणारा, गटार उपसणारा माणूस हा संघटनेचा, कायद्याचा आणि हक्काचा विषय आहे, त्यागाचा आणि पुण्याचा नव्हे, हे त्यांनी त्या काळी सांगितले, जेव्हा देशातले मोठमोठे महात्मे मैला साफ करण्याचे गोडवे गात होते. आज तेच गोडवे नव्या सुरात चालू आहेत. कामगारांचे पाय धुतले जातात, त्यांना 'सफाई मित्र' म्हटले जाते. पाय धुण्याआधी हातात यंत्र द्या, असे म्हणणारा मात्र देशद्रोही ठरतो!

येथे चळवळीतल्याच एका प्रामाणिक आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आमचे काही मित्र म्हणतात, तुम्ही यंत्र मागता म्हणजे माणसाने गटारात उतरणे मान्यच करता. उद्या अधिकारी म्हणेल, मीटर दिले आहे, हिरवा दिवा लागला आहे, आता उतर. या आक्षेपात तथ्य आहे. कायद्यातच एक फट आहे. ठरवून दिलेली साधने वापरून सफाई करणारा माणूस 'हाताने मैला साफ करणारा' समजला जाणार नाही, असे स्पष्टीकरण २०१३ च्या कायद्यात आहे. म्हणजे गळ्यात मीटर अडकवले, की त्याच माणसाला यादीतून आणि पुनर्वसनातून वगळण्याची सोय! या फटीतून किती अधिकारी निसटतील हे सांगायला ज्योतिषी नको.

आमची भूमिका स्पष्ट आहे. माणूस गटारात उतरता कामा नये, हीच मागणी. जेटिंग आणि सक्शनची वाहने आहेत, २०१८ साली केरळात मॅनहोल साफ करणारा यंत्रमानवही कामाला लागला. कलम ३३ ने स्थानिक संस्थांवर आधुनिक तंत्र वापरण्याचे कर्तव्यच टाकले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा पूर्णपणे संपवण्याचे निर्देश दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत ती बंद करण्याचा आदेश दिला. पण वाहनाने सफाई करतानाही झाकण माणूसच उघडतो, नळी माणूसच सोडतो, वायू त्याच्याच तोंडावर येतो. आणि अपवादाच्या नावाखाली आजही माणूस उतरतोच आहे. जोवर एकही माणूस मॅनहोलच्या काठावर उभा आहे, तोवर त्याच्या हाती मीटर हवे. फरक एवढाच की ते मीटर मुकादमाच्या खिशात नको, ज्याचा जीव जाणार आहे त्याच्या हातात हवे. त्याचा आकडा त्याला वाचता आला पाहिजे. आणि भोंगा वाजल्यावर 'मी उतरणार नाही' असे म्हणण्याचा हक्क त्याला मजुरी न कापता मिळाला पाहिजे. नाही म्हणण्याचा हक्क नसेल तर ते यंत्र मरणाची आगाऊ सूचना देण्यापलीकडे काही करत नाही.

मग आम्ही काय करायचे? निषेधाचे पत्रक काढून थांबायचे नसेल, तर काही कामे आजपासून करता येतात.

एक. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या नगरपालिकेला वर सांगितलेले चार प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावेत. यंत्र किती, कुठे, तपासले कधी, वापरले कधी. उत्तर काहीही आले तरी उपयोगाचे आहे. उद्या दुर्घटना घडली तर 'अभिलेख उपलब्ध नाही' हाच अधिकाऱ्याविरुद्धचा पुरावा होतो.

दोन. दुर्घटना घडलीच तर पंचनाम्याच्या वेळी हजर राहा. मीटर असेल तर ते जप्त करायला लावा. अनेक यंत्रांत आकड्यांची नोंद साठलेली असते. नसेल तर 'घटनास्थळी वायुमापक यंत्र आढळले नाही' हे वाक्य पंचनाम्यात लिहून घ्या. या एका वाक्यावर खटला उभा राहतो. आकस्मिक मृत्यूच्या नोंदीवर समाधान मानू नका. २०१३ च्या कायद्याची कलमे, भारतीय न्याय संहितेची कलमे १०६ आणि १०५ यांपैकी जे लागू असेल ते लावायला सांगा. आणि मृत अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची मागणी करा. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात हाताने मैला साफ करायला लावणे हा अत्याचार ठरवला आहे.

तीन. मुदत विसरू नका. २०१३ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार झाली पाहिजे. घरात प्रेत आल्यावर तीन महिने कसे जातात ते कळत नाही. ठेकेदार याच मुदतीत गोड बोलत राहतो, पाच-पन्नास हजार हातावर ठेवतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतो.

चार. भरपाई ही भीक नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात १९९३ पासूनच्या प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये देण्यास सांगितले. २०२३ च्या निकालाने ती रक्कम तीस लाख केली. कायमचे अपंगत्व आल्यास वीस लाख आणि इतर अपंगत्वाला किमान दहा लाख. गोवंडीत खासगी सोसायटीच्या टाकीत मेलेल्या कामगारांच्या विधवांना भरपाई देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली राज्य सरकारलाच दिला. खासगी मालक होता म्हणून सरकारला हात झटकता आले नाहीत.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण ती आमच्या स्वतःच्या घरातली आहे. आरक्षणाने आणि शिक्षणाने आमच्यातले अनेक जण आज सोसायट्यांत राहतात. दारात निळा झेंडा असतो, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब असतात. त्या सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली की समितीचा सचिव फोन करतो. दोन माणसे बादली आणि दोर घेऊन येतात. तेव्हा आम्ही खाली उतरून विचारतो का, की मीटर कुठे आहे? की खिडकी लावून घेतो, वास येतो म्हणून? त्या दिवशी मालक आम्हीच असतो. कायद्याच्या भाषेत ते काम देणारे आम्ही, आणि टाकीत उतरणारा कधी मेहतर, कधी मातंग, कधी वाल्मीकी, कधी आमच्याच गावचा बौद्ध. दुसऱ्याच्या मनुवादावर भाषण करणे सोपे आहे. सोसायटीच्या सभेत उभे राहून 'आपल्या टाकीत माणूस उतरणार नाही, सक्शनची गाडीच येईल आणि गाडीवाल्याकडे मीटर असल्याशिवाय झाकण उघडणार नाही' असा ठराव मांडणे कठीण आहे. शेजारी हसतील, वर्गणी वाढेल म्हणून कुरकुर करतील. तरीही तो मांडला पाहिजे. सम्यक आजीविका म्हणजे आपण कसे कमावतो एवढेच नव्हे. आपल्या घरातली घाण कुणाच्या जिवावर निघते, हेही तिच्यात येते.

महाराष्ट्रातल्या कामगार संघटनांनी, विहारांनी आणि महिला मंडळांनी वर्गणी काढून एकेक वायुमापक यंत्र घ्यावे, ते चालवायला दोन तरुण तयार करावेत आणि तालुक्यात जिथे टाकी उघडली जाईल तिथे ते घेऊन उभे राहावे, असे आम्ही सुचवतो. याने नगरपालिकेची जबाबदारी संपत नाही. उलट तिच्या बंद कपाटासमोर आमचे चालू यंत्र रोज साक्ष देईल. जयंतीच्या मिरवणुकीतल्या एका दिवसाच्या डीजेच्या भाड्यात असे यंत्र येते, एवढेच आम्ही सांगू. ज्याला हिशोब करायचा आहे त्याने करावा.

'विषारी वायूने गुदमरून' हा मथळा यापुढे आमच्या माणसांनी तरी लिहू नये. यंत्र न देता उतरवल्यामुळे माणूस मेला, असे लिहावे. कुणी उतरवले त्याचे पद लिहावे. यंत्र कोणत्या कपाटात होते ते लिहावे. वायू शिक्षेच्या पलीकडे असला तरी कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो नाही.

जयभीम!